भिंगरीची दुपार

सकाळच्या घाईत घरात तीन कामं एकदम चालली होती. बालवाडीच्या बाई एका हाताने दोन डबे भरत होत्या आणि दुसऱ्या हाताने केसांत पिना खोचत होत्या. शेगडीवरचं दूध वर येऊ की नको अशा विचारात होतं. आणि बाईंचे यजमान स्वयंपाकघराच्या दारातच फतकल मारून, भिंगरीचा मागचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. पाय वाकवायचा, सोडायचा, खुब्यावर अंगठा दाबायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचं, असं त्यांचं चाललं होतं. भिंगरी डोळे मिटून पडली होती. दुखतंय असंही म्हणेना, बरं वाटतंय असंही म्हणेना.

"अहो, ती तुमची पेशंट नाही," बाई म्हणाल्या. "दूध बघा."

त्यांनी दूध काही बघितलं नाही. ते उतू गेलं.

यजमानांना सगळे प्लास्टरदादा म्हणत. मोठ्या इस्पितळात हाडांच्या विभागाला लागून एक लांबट खोली आहे, तिथे त्यांचं राज्य. डॉक्टर हाड बसवून देणार आणि पुढचं दादा बघणार. कापसाची गुंडाळी, पाण्यात बुडवलेल्या पट्ट्या, त्यावरून फिरणारा त्यांचा ओला तळवा. आणि महिना-दीड महिन्याने तेच प्लास्टर करवतीने कापायचं तेही त्यांनीच. करवतीच्या आवाजाने मोठमोठी माणसं डोळे गच्च मिटून घेत, तेव्हा दादा ती करवत आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवत. इतकी वर्षं हे काम केल्यावर त्यांचा कागदावर भरवसा राहिला नव्हता, अंगठ्यावर होता. रस्त्याने चालतानाही ते माणसांचे चेहरे बघत नसत, पाय बघत. लग्नकार्यात एखाद्याची ओळख पटेनाशी झाली की बाई त्यांना हळूच सांगत, खाली बघा, ओळखाल.

भिंगरी मात्र त्यांनी आणलेली नव्हती. बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे दादांचा मेहुणा, आठ दिवसांसाठी म्हणून कुत्र्याचं ते पिल्लू ठेवून गेला आणि परत यायचं विसरला. त्या काळात भिंगरीने दोन चपलांचे जोड, टेबलाचा एक पाय आणि बाईंच्या बालवाडीची कापडी बाहुली संपवली. प्राण्यांच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं आणि सांगितलं की पोरगी गुणाची आहे, फक्त तिच्या पायांत शिल्लक फार राहते. ती खर्च करा. दादा तिला फिरवायला निघाले. ती ओढायला लागली. खांदा जागेवर ठेवायचा तर तिच्या मागे धावणं भाग होतं, म्हणून दादा धावायला लागले. तोवर त्यांचा व्यायाम म्हणजे इस्पितळाची लिफ्ट बंद असली तर जिना चढणं, तेही कुरकुरत.

गावाला लागून एक लांबच लांब टेकडी होती. तिच्यावरून कुणाच्या तरी पायांनी पडलेली वाट गवतातून, खडकांवरून, मधेच मुरमाच्या घसरणीवरून पाण्याच्या जुन्या टाकीशेजारून पलीकडच्या सोंडेपर्यंत जायची आणि सोंडेला वळसा घालून परत यायची. पक्क्या रस्त्यावर धावणं दादांना कधी जमलंच नाही, कंटाळा यायचा. पण या वाटेवर कंटाळायला सवडच नव्हती. डोळा चुकला की पाय मुरगळलाच. कमरेला रुंद पट्टा, त्याला ताणणारा दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला भिंगरी, असं ते दोघं उजाडताना निघत. चढावर पावलं लहान टाकायची, घसरणीवर सरळ न उतरता नागमोडी उतरायचं, ओल्या कातळावर मुळी थांबायचंच नाही, हे सगळं त्यांना तिच्या मागून धावताना उमगलं. एकदा टेकडीवरच्या शर्यतीतही त्यांनी नाव दिलं. शेवटून दुसरे आले. त्यांच्या मागे जो एक होता, तो वाटेवरच्या खुणेच्या पट्ट्या सोडवत येणारा आयोजकांचा माणूस होता, असं बाई सगळ्यांना सांगत. टाळ्या मात्र दणकून पडल्या, त्या भिंगरीसाठी. फ्रिजवर त्या दिवसाचा फोटो आहे. त्यात भिंगरी पूर्ण आली आहे आणि दादांचं एक कोपर.

अशी ही भिंगरी काही महिन्यांपासून विझत चालली होती. आधी दोर सैल पडायला लागला. मग ती दादांच्या बरोबरीने यायला लागली, मग मागून. आता टाकीपाशी पोचली की सरळ आडवी व्हायची आणि दादांकडे अशी बघायची की, तुम्ही या जाऊन. घरी आली की दिवसभर जमेल तेव्हा झोप. आणि पाठीवर, डोक्यावर पांढरं दिसायला लागलं होतं. बाई म्हणायच्या, हात धुऊन तिला हात लावत जा, सगळी पांढरी करून ठेवलीत. दादा हात धुवायचे. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढरं असायचंच. दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर कुणीतरी चिमटीत धरून बघितलं असतं. पण या घरात पांढरी भुकटी म्हणजे घरचंच माणूस. ती दादांच्या बाह्यांवर, भुवयांवर, टॉवेलवर, कधीकधी चहातही असायची. कोण कशाला चौकशी करतंय. दादांनी आपल्या मनाशी अर्थ लावला होता की थोडं प्लास्टर, आणि उरलेलं वय.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, एक्स-रे काढला. सगळं ठीक निघालं. दादांनी एक्स-रे उजेडात धरून तीनदा बघितला आणि त्यांना खुब्यात काहीतरी आहे असंच वाटत राहिलं. शेवटी शुक्रवारी हृदयाची तपासणी ठरली. तोवर दादांनी स्वतःचा उपाय चालू केला. हाडांच्या खोलीत जन्म गेलेल्या माणसाला एकच उपाय ठाऊक असतो, तो म्हणजे हलू न देणं. एरवी दोघं कामावर गेल्यावर भिंगरी मागच्या अंगणात मोकळी असे; आता तिला घरात ठेवून दार ओढून घ्यायला सुरुवात झाली. तिने जेवणाकडे पाठ फिरवली, ते बघून दादांची खात्रीच पटली. काल रात्री जेवता जेवता ते म्हणाले होते की आपलंही धावणं आता बंद, तिच्याशिवाय टेकडीवर जायला पाय उचलणार नाहीत. ज्या धावण्याची बाईंनी इतकी वर्षं यथेच्छ टिंगल केली, त्याबद्दल त्या काल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानेच दादा जास्त घाबरले.

आणि आत्ता, ओट्यावरचं दूध पुसत असताना, दारावर टकटक झाली.

दादांनी दार उघडलं. दारात पन्नाशीच्या पुढची एक बाई उभी होती, हातात कागदी पुडकं. अंगाला ताज्या पावाचा वास, आणि कपाळावरच्या केसांत मैदा. पण हे सगळं बालवाडीच्या बाईंनी दादांच्या मागून बघितलं. दादांची नजर सवयीने आधी खाली गेली. डावा घोटा. दोन्ही हाडं. बाहेरच्या बाजूला टाके घातल्याची खूण. हा घोटा मी बांधलाय, एवढं त्यांना कळलं. वरचा चेहरा मात्र आठवेना.

तिलाही ते आठवले नाहीत. इस्पितळात तोंडावर पट्टी आणि अंगात हिरवा डगला असलेला माणूस बनियनवर कसा ओळखू यावा. तिने चाचरतच विचारलं, इथे एक तपकिरी कुत्री आहे का, डावा कान दुमडलेली. टेकडीच्या पायथ्याशी नळावर पाणी भरणाऱ्यांनी हे घर दाखवलं. दोन दिवस ती दिसली नाही, म्हणून जिवाला चैन नाही. रात्रपाळी संपली तशी बेकरीतून थेट इकडेच आले.

"दिसली नाही म्हणजे?" दादा म्हणाले. "ती कुठे दिसते तुम्हाला?"

याचं उत्तर द्यायची वेळच आली नाही. आवाज ऐकून स्वयंपाकघराच्या दारात पडलेली, विझलेली, खुबा निखळलेली ती भिंगरी उठली, दादांच्या दोन पायांमधून बाहेर सुटली आणि त्या बाईच्या भोवती गरागरा फिरायला लागली. शेपूट दिसेना इतकी हालत होती.

"अगंबाई, बाईसाहेब," ती खाली बसत म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, गेलीस की काय."

बालवाडीच्या बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, खुर्ची दिली. मग जे बाहेर आलं ते असं. मागच्या वर्षी बेकरीच्या पायऱ्यांवर ट्रे घेऊन उतरताना तिचा घोटा मोडला होता. प्लास्टर कापलं त्या दिवशी तिथल्या माणसाने बजावलं होतं की आता घरात बसू नका, रोज टेकडीची वाट धरा, हळूहळू चाला, पण एकटीने जाऊ नका, सोबत कुणीतरी घ्या. सोबत कोण मिळणार? ती रात्री कणीक मळणार, सकाळी झोपणार आणि दुपारी मोकळी होणार. त्या वेळी सगळं जग कामावर असतं. नवरा मालगाडीवर, तो घरी आला तर पाहुण्यासारखा. तरी एका दुपारी ती हिय्या करून निघाली. पायथ्याशी ही उभी होती. जणू ठरलंच होतं. ही पुढे जायची आणि वळणावर थांबून मागे बघायची, शाळा तपासायला आलेल्या साहेबीणबाईंसारखी. म्हणून नाव पडलं बाईसाहेब. आधी टाकीपर्यंत चालणं, मग सोंडेपर्यंत. आणि आता गेले काही आठवडे, हे सांगताना ती ओशाळली, आता आम्ही धावतो.

"धावता?" दादा म्हणाले.

"धावते म्हणजे काय, ती पळते म्हणून मी पळते. पूर्ण फेरी."

दादा उठले, भिंगरीच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली आणि चिमटीत चोळून बघितली. प्लास्टर खरखरीत असतं, बोटं कोरडी पाडतं. हे रेशमासारखं होतं. त्यांनी जिभेला लावून बघितलं.

"मैदा," ते म्हणाले.

पहिल्यांदा हसल्या त्या बालवाडीच्या बाई. हसता हसता त्यांनी हिशेब जुळवला की उजाडताना यांच्याबरोबर एक पूर्ण टेकडी, दुपारी हिच्याबरोबर दुसरी पूर्ण टेकडी, मधे धुण्याच्या दगडावरून भिंतीवर आणि भिंतीवरून शेजारच्या पत्र्यावर उडी, आणि संध्याकाळी आपण यायच्या आत घरी येऊन सभ्यपणे दारात बसणं. शिवाय बेकरीवालीच्या पुडक्यातले टोस्ट. जेवणाकडे पाठ का फिरवते तेही कळलं. घरच्या भाकरतुकड्यावर कोण जीव टाकणार.

दादांना हसू आलं नाही. त्यांच्या छातीवरून काहीतरी जड उतरत होतं आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी तिथे रुतत होतं. "इतके महिने?" असं त्यांनी दोनदा विचारलं, भिंगरीलाच. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिचं लक्ष पुडक्यात होतं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या की दोन पाळ्यांत राबणाऱ्याला थकवा येणारच, त्यात नवल काय; तरी तुमच्या मनाच्या शांतीसाठी शुक्रवारी या. शुक्रवारी पडद्यावर भिंगरीचं हृदय ठणठणीत धडधडताना दादांनी स्वतः बघितलं. आपल्या अंगठ्याला काहीही कळलं नव्हतं, हे त्यांनी तिथे मुकाट्याने मान्य केलं. बाहेर बाकावर बसून त्यांनी भिंगरीसाठी आणलेली पाण्याची अख्खी बाटली स्वतःच पिऊन टाकली, आणि बाटली संपल्यावर त्यांना ते लक्षात आलं. भिंगरी त्यांच्या पायावर हनुवटी टेकून वाट बघत होती. त्यांनी तिच्या दुमडलेल्या कानात तोंड घालून काहीतरी सांगितलं. काय ते शेजारी बसलेल्या बाईंनाही ऐकू आलं नाही.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं. बेकरीवाली उठली होती. दाराशी जाऊन तिने खालमानेने सांगितलं की चूक झाली, मला मालक नसलेली वाटली, पट्टा नव्हता गळ्यात. आता नाही नेणार. ती वळली आणि दोन पायऱ्या उतरली. दादा बघत होते. उतरताना डावं पाऊल पूर्ण टेकत होतं, टाच आधी, मग चवडा, जराही न बिचकता. एकदम त्यांच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत हे आपण कधी बघितलंच नाही. त्यांच्याकडे माणसं येतात ती मोडलेली. प्लास्टर कापल्यावर लंगडत जातात. जी बरी होतात ती पुन्हा कशाला येतील?

"ताई, थांबा," ते म्हणाले. "एकटीने जायचं नाही असं मीच सांगितलं होतं."

तिने वळून नीट बघितलं, आणि मग बनियनवरच्या त्या माणसाला हिरवा डगला चढवून ओळखलं.

वाटणी केली ती बालवाडीच्या बाईंनी. खेळणं एक आणि मुलं दोन, हा प्रश्न त्या रोज सोडवतात. एक दिवस आमच्या यांचा, एक दिवस ताईंचा, बुधवारी भिंगरीला पूर्ण सुट्टी, आणि रविवार यांचा कारण शेवटी ती राहते आमच्याकडे. कुणी तोंड वाकडं करायचं नाही. दादांनी थोडं केलं. मागच्या भिंतीत छोटं दार बसवलं गेलं, म्हणजे पत्र्यावरून उड्या मारायला नकोत. टोस्टावर बंदी आली; ती बेकरीवाली आणि भिंगरी दोघींनी मिळून मोडली.

आठवडाभराची विश्रांती मिळाल्यावर रविवारी दादांनी कमरेला पट्टा बांधला. पायथ्याशी दोर ताणला गेला, आणि पहिल्या चढाला तो असा खेचला गेला की ते दोन पावलं पुढे ओढले गेले, सुखाने. भिंगरी पुन्हा भिंगरी झाली होती. गवत दोन्ही बाजूंनी पायांना फटकारत होतं. मुरमाच्या घसरणीवर त्यांची पावलं आपोआप पडत गेली. श्वास घशात अडकत होता आणि तरी ते हसत होते, एकटेच, वेड्यासारखे. टाकीपाशी ती थांबली नाही. ते तिला म्हणाले, अगं हळू, मी म्हातारा आहे. तिने ऐकलं नाही, आणि तिने ऐकलं नाही याचाच त्यांना सगळ्यांत जास्त आनंद झाला.

सोंडेवर ते भरधाव असताना वरच्या अंगाने कुणीतरी येताना दिसलं. बेकरीवाली. रविवारी तिची बेकरी बंद असते आणि आता ती भिंगरीशिवायही धावायला लागली होती. तिने यांना बघितलं, तिला आनंद झाला आणि तिने हात वर करून हाक मारली, "बाईसाहेब."

भिंगरी जागच्या जागी वळली. दोर वळला. दोराबरोबर कंबर वळली, आणि दादा पाठीवर गवतात.

आभाळ बघत ते पडून राहिले. काही मोडलेलं नव्हतं, ते त्यांना पडतानाच कळलं होतं. मान वळवली तर चढावरून बेकरीवाली धावत खाली येत होती. जमिनीला गाल लावून त्यांना फक्त तिचे पाय दिसत होते. डावा घोटा दगडावर पडायचा, तोल सांभाळायचा, पुढच्या दगडावर जायचा. एकदा मुरमावर घसरला आणि स्वतःचा स्वतः सावरला. इस्पितळात कुणी हे त्यांना दाखवलं नसतं. त्यांनी श्वास रोखून ते शेवटपर्यंत बघितलं.

"दादा, हलू नका," ती धापा टाकत म्हणाली. "आधी घोटा हलवून दाखवा. बोटं हलतात का?"

त्यांनी बोटं हलवून दाखवली. मग दोघंही हसायला लागले, आणि भिंगरी दोघांच्या मधे येऊन आडवी पडली, दोन्हीकडे थोडं थोडं अंग टेकवून. बेकरीवालीकडे पाण्याची बाटली होती. ती तिघांत फिरली. खाली गावातली छपरं उन्हात तापायला लागली होती. बेकरीवाली गवताची काडी मोडत बसली होती. जरा वेळाने ती म्हणाली की तुम्ही माझा पाय बरा केलात, वर कुत्रीही वाटून दिलीत, आणि मी तुमच्यासाठी काही केलं नाही. पाव-बिव तुम्हाला काय द्यायचा. काहीतरी सांगा.

दादा म्हणाले की काही नको. मग दोराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बेकरीवालीकडे न बघता, इस्पितळात सूचना देतात तशा सपाट आवाजात बोलले.

"एक करा, ताई. माझ्या दिवशी टेकडीवर भेटलात, तर तिला हाक मारू नका."